किडीवर जगणारी पाखरं: घराभोवती त्यांना जागा कशी करावी

उन्हाळी नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागे पांढऱ्या गायबगळ्यांची रांग लागते. त्यांच्यात साळुंक्या असतात, कावळे असतात, वर एखादी घार घिरट्या घालत असते. फाळाने उलटलेल्या ढेकळांतून हुमणीच्या अळ्या, पतंगांचे कोष, नाकतोड्यांची अंडी उघडी पडतात आणि बघता बघता वेचली जातात. उन्हाळ्यात खोल नांगरट करा असं कृषी विद्यापीठं सांगतात, त्यामागे उन्हाने कोष वाळावेत हे एक कारण आहे आणि पाखरांनी ते टिपावेत हे दुसरं.

हेच काम पाखरं वर्षभर करत असतात. फक्त नांगरटीच्या दिवशी ते आपल्या नजरेत भरतं. घर, गोठा, परसबाग आणि लागून थोडंफार रान असं ज्यांचं आहे, त्यांना हे काम आपल्या फायद्याचं करून घेता येतं. पक्ष्यांची ओळख नसली तरी चालेल. दुर्बीण लागत नाही, खर्चही फार नाही. मात्र क्रम सांभाळावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच चुकतो.

आधी अपेक्षा नीट ठरवू या. पाखरं कीड संपवत नाहीत. ती कीड कमी ठेवतात, आणि तीही सुरुवातीपासून त्या जागी वावरत असतील तरच. अळीने सगळं रान धरल्यावर पाखरांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. शिवाय काही किडी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. कापसाची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, खोडकिडा खोडात असतो, मावा आणि तुडतुडे इतके बारीक की मोठी पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. उघड्यावर वावरणारी कीड, म्हणजे नाकतोडे, घाटेअळी, उंटअळी, लष्करी अळी, पतंग, भुंगेरे आणि अर्थातच उंदीर, हे पाखरांचं खरं क्षेत्र.

पहिली पायरी नुसतं बघण्याची आहे. काहीही विकत आणण्याआधी आठवडाभर सकाळी थोडा वेळ आणि दिवेलागणीला थोडा वेळ अंगणात बसा. कोण येतं यापेक्षा कोण कुठे बसून काय खातं, याकडे लक्ष द्या.

तारेवर किंवा शेंड्यावर बसून, उडत्या किड्यावर झेप घेऊन परत त्याच जागी येणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी म्हणजे कोतवाल. तसाच झेपा घेणारा हिरवा, बारीक चोचीचा तो वेडा राघू. पानापानांखाली वाकून बघणारे इवलेसे पक्षी म्हणजे शिंपी आणि वटवट्या. वांगी, भेंडी, लिंबू यांच्या पानांवरच्या लहान अळ्या तेच शोधतात. जमिनीवर चालत टिपणाऱ्या साळुंक्या, पालापाचोळा उलथणारी सातभाईंची टोळी, लांब वाकड्या चोचीने माती उकरून अळ्या-कोष काढणारा तुरेवाला हुदहुद, हे तळमजल्याचे शिकारी. अंधार पडल्यावर पिंगळा आणि घुबड येतात.

पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा आपल्या ओळखीचा आहे, पण तो काय खातो हे फारसं कुणी बघत नाही. अंगभर केस असलेल्या अळ्या बहुतेक पाखरं टाळतात, कारण ते केस खाजरे असतात. पावशा आणि त्याची कोकीळ कुळातली भावंडं त्या आवडीने खातात.

या आठवड्यात जे दिसेल ते वहीत टिपून ठेवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. कोतवाल तारेवर बसतो पण रानाच्या मध्ये येत नाही, असं दिसलं तर मध्ये बसायला जागा नाही हे उघड आहे. पिंगळ्याचा आवाज कधीच येत नसेल, तर जवळपास ढोलीचं झाड उरलेलं नसण्याची शक्यता मोठी.

दुसरी पायरी विषाची, आणि ती इतर सगळ्यांच्या आधी हवी. पाखरांना बोलावून त्यांच्या पुढ्यात विष मांडून ठेवणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो आपल्या हातून नकळत होतो.

घरात उंदीर झाले की आपण दुकानातून वड्या आणतो. त्यांतल्या पुष्कळ वड्यांत ब्रोमाडिओलोन असतं. हे औषध रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस जगतो, हळूहळू सुस्त होतो, उघड्यावर भेलकांडत फिरतो. घुबडाला, पिंगळ्याला, कापशी घारीला तो सहज सापडतो आणि उंदराच्या पोटातलं विष त्यांच्या पोटात जातं. विष खाल्लेला प्राणी खाऊन होणाऱ्या या विषबाधेला दुय्यम विषबाधा म्हणतात. उंदीर भराभर वाढतात, घुबडं वर्षाकाठी मोजकी पिल्लं वाढवतात. त्यामुळे विषाच्या एका फेरीनंतर उंदीर पुन्हा येतात आणि त्यांना खाणारं मात्र कुणी उरलेलं नसतं.

म्हणून घुबडाची मदत हवी असेल तर वड्या बंद करून पिंजरा लावावा. चिकट पुठ्ठा तर अजिबात नको. त्यावर चिकटलेला उंदीर तडफडतो, आणि त्याला धरायला आलेला पिंगळासुद्धा तिथेच अडकतो.

दुसरं विष पेरणीच्या दिवशी सांडतं. बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं बियाणं पेरताना बांधाच्या कडेला, वळणावर, पोतं ठेवलेल्या जागी दाणे पडतात. चिमण्या, होले, मोर ते वेचतात. सांडलेलं बियाणं तिथल्या तिथे मातीआड करायला पाच मिनिटं लागतात. रिकामी पिशवी पाण्यापासून दूर ठेवावी.

फवारणीचं म्हणाल तर ती कधीच करू नका, असं मी म्हणणार नाही. पण ‘शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही’ अशी फवारणी सोडून द्यावी. व्यापक परिणामाचं, म्हणजे दिसेल तो किडा मारणारं औषध फवारलं की पाखरांचं अन्न जातं, मित्रकीटकही जातात, आणि राहिलेल्या विषबाधित अळ्या पाखरांच्या पोटात जातात. परसबागेपुरता पाच टक्के निंबोळी अर्क आणि हाताने अळ्या वेचणं यावर पुष्कळ भागतं.

तिसरी पायरी पाण्याची. ती सोपी आहे, म्हणून लवकर उरकतो. फेब्रुवारी संपत आला की मातीची पसरट थाळी सावलीत, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर ठेवा. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको. मध्ये एक दगड ठेवा म्हणजे लहान पाखरांना उभं राहता येतं. खोल बादल्या आणि हौदांत पाखरं बुडून मरतात, तिथे एक फळी तरंगत सोडावी. थाळी झुडपाला अगदी चिकटून नको, मांजर दबा धरून बसतं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तेच पाणी आठवडाभर राहू देणं. डेंगीचा डास साठल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. पाणी रोज ओतून टाका, थाळी घासा, नवीन भरा.

पाण्याबरोबर दाणे टाकायचा मोह होतो. तो आवरावा असं माझं स्पष्ट मत आहे. दाण्यांवर पारवे जमतात, रात्री उरलेल्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. ज्यांच्यासाठी आपण हे करतो आहोत ते किडे खाणारे पक्षी दाण्याकडे बघतही नाहीत. त्यांना अन्न आपण द्यायचं नसतं, ते रानात आहेच. त्यांना ते पकडता येईल अशी सोय द्यायची असते.

ही सोय म्हणजे चौथी पायरी, बसायला जागा. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कमी खर्चात सर्वांत जास्त फरक इथे पडतो.

हरभऱ्याचं उदाहरण घेऊ. हे पीक गुडघ्याएवढंही होत नाही. रब्बीत आजूबाजूला झाड नसेल तर एकरभर रानात कोतवालाला टेकायला काडीसुद्धा नसते. तो बांधावरच्या बाभळीवरून जेवढं दिसेल तेवढ्या पट्ट्यात शिकार करतो आणि मधलं रान घाटेअळीला मोकळं राहतं. घाटेअळीचा पतंग कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर एकेक अंडं घालतो. अळी आधी पानं खरवडते, ती पानं पांढरट दिसू लागतात. मोठी झाली की घाट्याला भोक पाडून अर्धं अंग आत, अर्धं बाहेर अशी दाणा खाते. बाहेर राहिलेलं हे अर्धं अंग पाखराला लांबून दिसतं, फक्त वर बसून बघायला जागा हवी.

तेवढ्यासाठी पक्षीथांबे लावतात. थांबा म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या टोकाला आडवी बांधलेली हातभर काठी. बांबू, तुराटी, बाभळीची फांदी, काहीही चालतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हरभरा सल्ल्यात एकरी २० थांब्यांची शिफारस असते. थांबा पिकाच्या वर दीड-दोन फूट राहावा. त्यापेक्षा फार उंच केला तर खालची अळी दिसत नाही, ठेंगणा केला तर पाखरू बसत नाही.

पहिली चूक उशिराची. घाटे किडलेले दिसल्यावर थांबे लावले जातात. पीक वीतभर झालं, की थांबे रानात हवेत. पाखरांना नवी जागा ओळखीची व्हायला काही दिवस लागतात, आणि फुलं येईपर्यंत ती रोजची वाट झालेली असली पाहिजे.

दुसरी चूक हलक्या काठ्यांची. वाऱ्याने लवणाऱ्या, पाखरू टेकताच झुकणाऱ्या काडीवर कुणी दुसऱ्यांदा बसत नाही. काठी हातभर खोल रोवा, आडवी काठी सुतळीने घट्ट आवळा, आणि तिची जाडी बोटाएवढी तरी ठेवा.

तिसरी चूक सगळे थांबे बांधाच्या कडेने लावण्याची. तिथे झाडं आहेतच. थांबे रानाच्या मध्यात, सारख्या अंतरावर हवेत.

पेरणीच्या वेळी हरभऱ्यात थोडी ज्वारी मिसळून टाकण्याची पद्धतही चांगली आहे. ज्वारीची विरळ ताटं हरभऱ्याच्या वर डोकं काढतात आणि आपोआप थांबे होतात. एकरभर रानाला मूठभर ज्वारी पुरते, जास्त झाली की हरभऱ्याला सावली होते.

मक्यावर २०१८ पासून आलेल्या अमेरिकन लष्करी अळीसाठीही थांब्यांची शिफारस आहे, पण पीक पहिल्या महिनाभराचं असेपर्यंतच. पुढे मका स्वतःच उंच होतो आणि थांब्याला काम राहत नाही.

थांबे काम करत आहेत का, हे खाली बघून कळतं. आडव्या काठीखाली पांढरी शीट पडलेली असेल तर पाखरं बसतात. एकही डाग नसेल तर थांबा हलवा. शीट आणखी एका कारणाने मोलाची आहे. घाटेअळीला रोगी करून मारणारा एक विषाणू आहे, शेतकरी त्याला एचएएनपीव्ही या नावाने ओळखतात आणि संध्याकाळच्या वेळी फवारतात. रोगट अळी पाखराने खाल्ली तर पाखराला काही होत नाही, पण विषाणू त्याच्या विष्ठेतून जिवंत बाहेर पडतो आणि पाखरू जाईल तिथे पसरतो. फवारलेला पट्टा आणि थांबे एकाच रानात असतील तर दोन्हींचा उपयोग वाढतो.

एवढं करूनही आठवड्यातून एकदा अळ्या मोजा. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या सापडू लागल्या की नुकसानीची आर्थिक पातळी गाठली गेली, म्हणजे अळी आता फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त खाऊ शकते. तिथे पाखरांवर विसंबून राहू नका. कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची गोळी ठेवून नर पकडणारे सापळे, थांब्यांच्या बरोबरीने लावले असतील तर पतंग वाढल्याची सूचना आधीच मिळते.

पाचवी पायरी घरट्यांची. कौलारू घरांत, मातीच्या भिंतींत, वाशांच्या सांदीत चिमण्यांना आणि साळुंक्यांना जागा होती. स्लॅब पडला आणि ती गेली. चिमणी दाणे खाते म्हणून तिला कीडनियंत्रणात कुणी धरत नाही, पण तिची पिल्लं पहिले काही दिवस अळ्या आणि किडे यांवरच वाढतात. एक जोडी दिवसभर परसातून अळ्या नेत असते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी उभं केलेलं काम आणि २० मार्चचा चिमणी दिन आता सगळ्यांना माहीत आहे. लाकडी घरटी त्यामुळेच खेड्यापाड्यांत पोहोचली.

लाकडी घरटं घेताना किंवा करताना भोकाचा आकार आधी बघा. चिमणीसाठी सव्वा इंच पुरेसं आहे. भोक मोठं असलं की साळुंकी ताबा घेते. साळुंकीही किडे भरपूर खाते, त्यामुळे तिच्यासाठी मोठ्या भोकाचं वेगळं घरटं दुसऱ्या भिंतीला लावावं. भोकाखाली दांडी नको. दिसायला छान वाटते पण चिमणीला तिची गरज नसते, अंडी-पिल्लं पळवणाऱ्याला मात्र ती पाय ठेवायला मिळते.

घरटं वळचणीला, आठ-दहा फुटांवर, सावलीत टांगा. पश्चिमेकडे तोंड करून लावलेली घरटी मे महिन्यात भट्टी होतात. पत्र्याची आणि प्लास्टिकची घरटी याच कारणाने टाळावीत. एकदा जोडी आली की आत डोकावू नका, मोबाईलचा उजेड मारू नका. पिल्लं उडून गेल्यावर जुनं गवत काढून टाका, त्यात पिसवा आणि गोचिडी राहतात.

कोतवाल, शिंपी, दयाळ यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. कोतवाल उघड्या फांदीच्या बेचक्यात घरटं करतो आणि त्याच्या आसपास आलेल्या कावळ्याला, घारीला सुद्धा पिटाळून लावतो. त्यामुळे होले, बुलबुल यांच्यासारखी गरीब पाखरं त्याच्याच झाडाचा आसरा घेतात. दयाळाला भिंतीतलं किंवा झाडातलं भोक हवं. शिंप्याला रुंद पानं हवीत, तो ती शिवून आत घरटं करतो. म्हणून परसात एखादा कोपरा न छाटलेला राहू द्या. वठलेलं झाड घरावर पडण्याची भीती नसेल तर उभंच ठेवा. तांबट आणि सुतार त्यात भोकं पाडतात, आणि ते निघून गेले की दुसरी पाखरं त्या भोकांत राहायला येतात.

सहावी पायरी रात्रीची. शेतघरांचं सर्वांत मोठं नुकसान बहुधा अळीने होत नाही, उंदराने होतं. उभ्या पिकात, खळ्यात, कणगीत, कडब्याच्या गंजीत तो बाराही महिने असतो. दिवसा त्याच्यावर कापशी घार नजर ठेवते. पांढरी-राखी, लाल डोळ्यांची ही घार रानावर एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि मग खाली झेपावते. रात्री ते काम गव्हाणी घुबडाचं.

बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळे डोळे, अंगावर सोनेरी-राखी ठिपके. चेहऱ्याचा तो बदाम आवाज गोळा करून कानांकडे पोहोचवतो. त्याचे दोन कान एकाच उंचीवर नसतात; त्यामुळे आवाज कुठून आणि किती खालून आला हे त्याला अचूक कळतं. पूर्ण काळोखात, केवळ खसफस ऐकून ते उंदीर पकडू शकतं हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. पिसांच्या कडा मऊ असल्याने उडताना आवाज होत नाही, उंदराला सुगावा लागत नाही.

ते उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. बसायच्या जागेखाली अशा काळसर, अंगठ्याएवढ्या गोळ्या सापडतात. कोरड्या झालेल्या गोळीला काडीने उकला. उंदरांच्या, चिचुंद्रीच्या कवट्या आणि दात दिसतात. हे मुलांना जरूर दाखवावं, हातमोजे घालून. घुबडाविषयीची भीती घालवायला मला याहून चांगला मार्ग माहीत नाही.

ती भीती हाच इथला सर्वांत मोठा अडथळा आहे. घुबड घरावर बसलं की कुणी जाणार, असं म्हणून दगड मारले जातात. पिल्लांच्या फुत्कारण्याला भूत समजून ढोल्या बुजवल्या जातात. दुसरीकडे अघोरी पूजेसाठी त्याचा व्यापार चालतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ साली उलूक महोत्सव सुरू केला, तो याच गैरसमजांना उत्तर म्हणून. गावकऱ्यांनी आणि शाळेच्या मुलांनी घुबडाची बाजू घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

शेतीसाठी घुबडाला घर देण्याचा अनुभव जगात जुना आहे. मलेशियात तेलताडाच्या बागांत, इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतांमध्ये, गव्हाणी घुबडासाठी पेट्या लावल्या जातात. आपल्याकडे ते जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत, देवळाच्या शिखरात, ओसाड वाड्यात राहतं. तशी जागा जवळ असेल तर ती तशीच राहू देणं हे पेटी लावण्याच्या आधीचं काम.

पेटी करायचीच असेल तर गावातल्या सुताराला मापं द्या. तळ साधारण दीड फूट बाय दोन फूट. दार पाच इंच उंच-रुंद. दाराच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत दीड फूट खोली हवी. हे शेवटचं माप चुकवू नका, कारण उथळ पेटीतून पिल्लं लवकर बाहेर येतात आणि खाली पडतात. तळाला पाणी निचरायला चार बारीक भोकं, मागे साफसफाईसाठी झडप. पेटी बारा-पंधरा फुटांवर, गोठ्याच्या आडोशाला किंवा मोठ्या झाडावर, दाराकडे थेट दिवा नसेल अशी लावा. रात्रभर जळणारा एलईडी अंगणात असेल तर घुबड येणार नाही.

पेटी लावली आणि महिनाभरात कुणी आलं नाही म्हणून ती काढू नका. एक-दोन वर्षंही लागू शकतात. मधमाश्या किंवा गांधीलमाश्या आत घुसल्या का, एवढं दुरून बघत राहा. घुबड आलं की पिल्लं उडून जाईपर्यंत शिडी लावायची नाही. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं दोन-तीन दिवसांच्या अंतराने निघतात आणि एकाच पेटीत लहान-मोठी दिसतात. या काळात जोडीला रोज रात्री अनेक उंदीर आणावे लागतात, आणि आपल्याला सर्वांत जास्त फायदा याच दिवसांत होतो.

घुबडाबरोबर आपलंही काम आहे. कणगीखाली सांडलेलं धान्य रोज झाडा, कडब्याची गंजी घरापासून दूर आणि जमिनीपासून थोडी वर रचा, बिळं मुजवा. उंदराला घरातच खाणं आणि लपायला जागा मिळत असेल तर तो उघड्यावर येतच नाही, आणि जो बाहेर येत नाही तो घुबडाला सापडत नाही.

पिंगळ्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही, जुनी चिंच किंवा वड पुरे. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात, तेव्हा पिंगळ्यांची मोठी मेजवानी असते. त्याच वेळी आपणही फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एक मादी मेली की तिची पुढची सगळी अंडी टळतात.

सातवी पायरी भांडणांची. पाखरं आपल्या बाजूने काम करतात तशी कधी आपल्या विरुद्धही, आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

ज्वारी-बाजरीत दाणा भरू लागला की थांबे उपटून ठेवा, नाहीतर तेच थांबे चिमण्यांचे आणि भोरड्यांचे होतात. त्या तीन-चार आठवड्यांत राखण करावीच लागते. बुजगावणं रोज जागा बदलून ठेवलं तर काही दिवस टिकतं, एकाच जागी ठेवलं तर त्याच्या डोक्यावर पाखरू बसतं. फळझाडांना जाळी लावायची तर ताणून, जमिनीपर्यंत बांधा. ढिली लोंबती जाळी म्हणजे घुबडांचा आणि सापांचा फास.

मधपेट्या ठेवल्या असतील तर वेडा राघू आणि कोतवाल माश्या टिपतात. पोळी सशक्त असतील तर फार बिघडत नाही, पण नवीन पेटीजवळ थांबा लावू नये. पाखरं चतुर, कोळी, ढालकिडे हे आपले मित्रही खातात. त्याला इलाज नाही.

गोठ्यात गायबगळे आणि साळुंक्या जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी आणि भोवतीच्या माश्या खातात, त्यांना येऊ द्या. कावळा मात्र बैलाच्या खांद्यावरच्या जखमेत चोच मारतो. जखम असलेलं जनावर आत बांधा.

कोंबड्या पाळत असाल तर त्यांचं दाणापाणी रानपाखरांपासून वेगळं आणि झाकलेलं ठेवा. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पाखरांसाठीची थाळी खुराड्यापासून लांब असावी. लहान पिल्लं शिक्रा आणि घार यांच्यापासून वाचवायला वरून झाकलेली जाळीची खुराडी लागतात. त्यासाठी शिक्र्याला मारायचं कारण नाही.

शेवटची अडचण बहुतेक घरांत पावसाळ्याच्या तोंडावर येते: जमिनीवर पडलेलं पिल्लू. अंगावर पिसं फुटलेली आहेत, टुणटुण उड्या मारतंय, आई-बाप वर ओरडत आहेत, तर ते उडायला शिकतं आहे. मांजर आत कोंडा आणि पिल्लू उंच फांदीवर ठेवून लांब व्हा. अंगावर पिसं नसतील तर घरटं शोधून त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा समज खरा नाही. घुबडाचं पिल्लू पेटीखाली फुत्कारत बसलं असेल तर जाड गोणपाटात धरून परत पेटीत ठेवावं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.